एका खोट्या शपथेने प्राण वाचले असते : यान हुस यांचे जीवन



क्षणभर डोळे मिटून एक प्रसंग समोर आणा. तुम्ही परक्या देशात, तुरुंगात आहात. सात महिने झाले आहेत. शरीर आजाराने खंगले आहे. मोठमोठे विद्वान, धर्माधिकारी तुमच्याकडे येतात आणि अगदी प्रेमाने समजावतात, की माझी शिकवण चुकीची होती एवढी एक शपथ घ्या, तुमचे प्राण वाचतील. त्या शिकवणीतल्या काही गोष्टी तुम्ही कधी शिकवल्याच नव्हत्या. तरीही शपथ घ्यायची. बाकी मनात काय आहे ते देव जाणतोच. सांगा, तुम्ही काय कराल?

हा प्रसंग सन १४१५ मध्ये युरोपातील एका धर्मोपदेशकावर खरोखर आला होता. त्यांचे नाव यान हुस. इंग्रजी पुस्तकांत त्यांना जॉन हस म्हणतात. धर्माच्या नावाने युरोपात शेकडो वर्षे जो छळ झाला, त्याच्या इतिहासात हे नाव फार आदराने घेतले जाते. आज आपण त्यांचे जीवन जाणून घेऊ या.

साध्या घरातील मुलगा

आजच्या चेक देशाला त्या काळी बोहेमिया म्हणत. त्याच्या दक्षिण भागात हुसिनेत्स नावाचे गाव आहे. तेथे साधारण सन १३७० च्या सुमारास यान यांचा जन्म झाला. घरची स्थिती गरिबीची होती. गावाच्या नावावरूनच त्यांना हुस हे नाव पडले. चेक भाषेत या शब्दाशी जुळणारा शब्द बदकासारख्या एका पाळीव पक्ष्यासाठी वापरतात. पुढे आपल्या पत्रांमध्ये हुस या नावावरून स्वतःचीच थट्टा करीत असत.

शिक्षणासाठी ते प्रागला आले आणि १३९६ मध्ये प्राग विद्यापीठातून त्यांनी उच्च पदवी मिळवली. पण तुम्हाला वाटेल, की ते लहानपणापासूनच विरक्त असतील, तर तसे नव्हते. त्यांनी स्वतःच पुढे प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे, की धर्मगुरू होण्यामागे चांगली उपजीविका, चांगली वस्त्रे आणि लोकांचा मान मिळावा हाही हेतू होता. बुद्धिबळाचा नादही त्यांना होता. त्या खेळात वेळ वाया गेला आणि स्वतःला व इतरांना राग येण्यास आपण कारण झालो, याची खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली.

साधकांनो, येथे थोडे थांबा. महापुरुष जन्मतःच महान असतात असे आपण मानतो आणि स्वतःला मोकळे करून घेतो. हुस यांचे जीवन सांगते, की मनुष्य जसा आहे तेथूनच सुरुवात करतो. धर्मग्रंथाचे वाचन आणि चिंतन करता करता त्यांचे मन पालटत गेले.

लोकांच्या भाषेत धर्म

सन १४०० मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. १४०२ मध्ये प्रागच्या बेथलेहेम प्रार्थनामंदिरात प्रवचनकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे मंदिर १३९१ मध्ये एका खास उद्देशाने स्थापन झाले होते. तेथे प्रवचन लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या चेक भाषेत होत असे. त्या विशाल सभागृहात सुमारे तीन हजार माणसे मावत. कारागीर, स्त्रिया, विद्यार्थी, सरदार, राजघराण्यातील माणसे, सारे तेथे ऐकायला येत.

हुस काय सांगत? धर्मगुरूने जे शिकवायचे ते आधी जगले पाहिजे. धर्मातील पदे पैशाने विकत घेणे हे पाप आहे. सामान्य माणसालाही धर्मग्रंथ आपल्या भाषेत कळला पाहिजे. चेक भाषा लिहिण्याच्या पद्धतीत सुधारणा सुचवणारा एक ग्रंथही त्यांचाच मानला जातो.

इंग्लंडमधील जॉन विक्लिफ या विचारवंताच्या ग्रंथांचा हुस यांच्यावर मोठा प्रभाव होता. चर्चने विक्लिफ यांची अनेक मते धर्मविरोधी ठरवली होती. १४१० मध्ये प्रागच्या आर्चबिशपांनी विक्लिफ यांच्या ग्रंथांची हस्तलिखिते जाळली. ग्रंथ जाळल्याने त्यातील चूक सुधारत नाही, असे हुस यांचे मत होते. त्यांनी उघड विरोध केला आणि तेव्हापासून चर्चचा रोष वाढत गेला.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. या काळात प्राग विद्यापीठात चेक आणि जर्मन विद्वानांमध्ये वाद होता. १४०९ मध्ये राजाने विद्यापीठात चेक लोकांना अधिक मते दिली. हुस त्या बाजूने होते. परिणामी अनेक जर्मन अध्यापक आणि विद्यार्थी प्राग सोडून गेले. त्यांच्यातील कटुता पुढे हुस यांच्या विरोधात उभी राहिली. सज्जनांच्या जीवनातही असे गुंतागुंतीचे प्रसंग येतात.

निर्णायक वळण

त्या काळात खुद्द चर्चमध्येच मोठी फूट पडली होती. १३७८ पासून दोन पोप होते आणि १४०९ नंतर तर तिघे जण एकाच वेळी स्वतःला खरा पोप म्हणवून घेत होते! त्यांपैकी एक, तेविसावे जॉन, यांनी आपल्या विरोधात असलेल्या नेपल्सच्या राजाशी युद्ध पुकारले. त्यासाठी पैसा उभा करण्यास १४१२ मध्ये पापविमोचनपत्रे देणे सुरू झाले. पैसे द्या आणि पापाच्या शिक्षेतून सूट मिळवा, असा तो व्यवहार लोकांना दिसत होता. बोहेमियाचा राजा चौथा वेन्सेस्लास यालाही त्यातून वाटा मिळणार होता.

हुस गप्प बसू शकत होते, कारण राजा आतापर्यंत त्यांचा पाठीराखा होता. तरीही त्यांनी स्पष्ट सांगितले, की क्षमा ही ईश्वराची देणगी आहे आणि ती पश्चात्तापाने मिळते. ती विकता येत नाही आणि रक्तपातासाठी तर मुळीच नाही. या विरोधामुळे राजाचा आधार सुटू लागला. प्रागमध्ये पापविमोचनपत्रांचा जाहीर निषेध करणाऱ्या तीन तरुणांचा शिरच्छेद झाला. लोकांनी त्यांना बेथलेहेम प्रार्थनामंदिरात पुरले.

हुस यांच्यावर धर्मबहिष्कार घातला गेला. इतकेच नव्हे, तर हुस प्रागमध्ये असेपर्यंत शहरातील धार्मिक विधी बंद ठेवण्याचा आदेश निघाला. मृतासाठी अंत्यविधीही नाही. एका माणसामुळे साऱ्या शहराला शिक्षा! तेव्हा हुस यांनी आपला न्याय पोपकडे न मागता थेट ख्रिस्ताकडे मागितला आणि १४१२ च्या शरद ऋतूत ते शहर सोडून गेले. आपण लोकांना सोडून पळालो तर नाही ना, हा प्रश्न त्यांना पुढेही छळत राहिला.

खेड्यापाड्यांत राहून त्यांनी उघड्यावर प्रवचने केली आणि भरपूर लेखन केले. चर्च म्हणजे काय, यावरचा त्यांचा प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ १४१३ मधला. चर्चचे खरे मस्तक ख्रिस्त आहे. पदावर बसलेला माणूस ख्रिस्तासारखा जगत नसेल, तर केवळ पदामुळे तो पूज्य ठरत नाही, असा त्याचा आशय होता.

अभयपत्र आणि बंदिवास

चर्चमधील फूट मिटवण्यासाठी १४१४ मध्ये कॉन्स्टन्स या शहरात मोठी धर्मपरिषद भरली. राजा वेन्सेस्लासचा भाऊ सिगिस्मुंड याने हुस यांनाही बोलावले आणि सुरक्षित प्रवासाचे अभयपत्र देऊ केले. धोका हुस यांना कळत होता. निघण्यापूर्वी त्यांनी आपल्या एका शिष्याला पत्र लिहिले आणि मृत्यूची खात्री झाल्यावरच ते उघडावे असे सांगितले. बुद्धिबळाची ती कबुली याच पत्रात आहे. शिष्याने त्या चुका टाळाव्यात म्हणून गुरूने आपल्या चुका सांगितल्या.

३ नोव्हेंबर १४१४ रोजी ते कॉन्स्टन्सला पोहोचले आणि २८ नोव्हेंबरला अटक झाली. अभयपत्राचा काही उपयोग झाला नाही, कारण पाखंडी माणसाला दिलेले वचन पाळण्याचे बंधन नाही असा युक्तिवाद झाला. मठातील एका घाणेरड्या, शौचकूपाजवळच्या कोठडीत त्यांना ठेवले आणि ते गंभीर आजारी पडले. पुढे गोट्लिबेनच्या किल्ल्यात त्यांना बेड्या घालून ठेवण्यात आले.

या अंधारात ते काय करीत होते? पहारेकऱ्यांच्या विनंतीवरून त्यांनी दहा आज्ञा, प्रार्थना, विवाह अशा विषयांवर छोटी टिपणे लिहून दिली. मित्रांना पत्रे लिहून आपले देणे फेडण्याची काळजी केली. ज्यांच्या हाती किल्ली होती त्यांच्याशीही शत्रुत्व धरले नाही.

शेवटची परीक्षा

जून १४१५ मध्ये तीन दिवस सुनावणी झाली. त्यांच्या ग्रंथांतून निवडलेली वाक्ये आणि साक्षीदारांची विधाने वाचली गेली. बोलू लागले की गोंगाट होई. हुस यांचे म्हणणे साधे होते. धर्मग्रंथाच्या आधारे चूक दाखवा, मी आनंदाने ती सोडीन. पण जे मी कधी शिकवले नाही, ते शिकवल्याचे मान्य करून ते नाकारण्याची शपथ घेतली, तर ती ईश्वरासमोर खोटी साक्ष होईल. शिवाय ज्यांनी माझ्याकडून सत्य ऐकले, त्यांची श्रद्धा डळमळेल.

त्यांना समजावणारे सगळेच दुष्ट नव्हते. काहींना त्यांचा जीव खरोखर वाचवायचा होता. परिषदेला शरण जाणे ही नम्रताच आहे, असे ते सांगत. बंधू-भगिनींनो, ही परीक्षा सर्वांत कठीण असते. धमकीपुढे मनुष्य ताठ उभा राहतो. प्रेमाने सांगितलेल्या असत्यापुढे मात्र तो विरघळतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. याच परिषदेने २९ मे १४१५ रोजी पोप तेविसावे जॉन यांना गैरवर्तनाबद्दल पदच्युत केले होते. आज रोमन चर्च त्यांना खरा पोप मानत नाही. अयोग्य माणूस पदामुळे पूज्य ठरत नाही, हे परिषदेने स्वतःच्या कृतीतून दाखवले आणि तेच सांगणाऱ्या हुस यांना पाच-सहा आठवड्यांनी मृत्युदंड दिला!

६ जुलै १४१५. कॉन्स्टन्सच्या कॅथेड्रलमध्ये निकाल वाचला गेला. हुस स्वतःला त्रिमूर्तीतील चौथी व्यक्ती म्हणवतात, असा विचित्र आरोपही त्यात होता. हुस यांनी गुडघे टेकून आपल्या विरोधकांना क्षमा मिळावी अशी प्रार्थना केली, तेव्हा अनेकांनी त्यांची टिंगल केली. धर्मगुरूची वस्त्रे एकेक करून काढली गेली. सैतानांची चित्रे काढलेली कागदी टोपी डोक्यावर ठेवली गेली. शहराबाहेर खांबाला बांधल्यावर शेवटची संधी दिली गेली. त्यांनी नकार दिला आणि प्रार्थना म्हणत अग्नीत देह ठेवला. कोणी अवशेष पुजू नयेत म्हणून त्यांची राख ऱ्हाइन नदीत टाकण्यात आली.

पुढील वर्षी त्यांचे मित्र प्रागचे जेरोम यांनाही तेथेच जाळले गेले. फार पूर्वी मरण पावलेल्या विक्लिफ यांची हाडेसुद्धा परिषदेच्या आदेशानुसार १४२८ मध्ये उकरून जाळली गेली.

राखेतून काय उगवले

बोहेमिया आणि मोराव्हियाच्या ४५२ सरदारांनी आपल्या मोहरा लावून परिषदेला निषेधाचे पत्र पाठवले. पण पुढे शस्त्रे निघाली. १४१९ पासून १४३४ पर्यंत युद्धे चालली आणि हुस यांच्या नावाने लढणाऱ्यांनीही क्रूरता केली. छळ झालेला समाजही छळ करू लागतो, हा इतिहासाचा कडू धडा आहे. त्याच परंपरेतून १४५७ मध्ये बंधुसंघ नावाचा एक छोटा पंथ निघाला. त्याने शस्त्राचा मार्ग नाकारला. थोर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस हे याच पंथाचे बिशप होते. त्यांनाही धर्मछळामुळे मातृभूमी सोडावी लागली.

डिसेंबर १९९९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी हुस यांच्या क्रूर मृत्यूबद्दल मनापासून खेद व्यक्त केला. त्याला जवळपास सहा शतके लागली. आज चेक देशात ६ जुलै हा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे.

आपण काय घ्यावे?

वाचक मित्रांनो, ही कथा वाचून युरोपातील त्या धर्माधिकाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण ते अशिक्षित नव्हते. ते त्या काळचे उत्तम विद्वान होते, रोज प्रार्थना करणारे होते, आणि आपण धर्माचे रक्षण करतो आहोत अशी त्यांची समजूत होती. म्हणूनच ही कथा आपल्यासाठी आहे. आपल्या सत्संगात कोणी नवा साधक अवघड प्रश्न विचारतो, तेव्हा आपण काय करतो? त्याचे पूर्ण ऐकतो, की तो श्रद्धाहीन आहे असे ठरवून मोकळे होतो? त्याने जे म्हटलेच नाही ते त्याच्या नावावर खपवतो का? छळाची सुरुवात लाकडे रचण्यापासून होत नाही. ती न ऐकण्यापासून होते.

आणि दुसरा प्रश्न स्वतःसाठी. आपल्यासमोर चिता नाही. तरी नाराजी टाळण्यासाठी, मान टिकवण्यासाठी, मनाला न पटलेल्या गोष्टीला आपण दिवसातून किती वेळा हो म्हणतो?

आज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसा आणि हे दोन प्रश्न स्वतःला विचारा. ज्याचे म्हणणे आपण अर्धेच ऐकले असे एखादे नाव आठवले, तर उद्या त्याच्याकडे जा आणि उरलेले अर्धे ऐकून घ्या. यान हुस यांना ही आपली खरी श्रद्धांजली ठरेल.