वहिनीने दिलेली दोन पुस्तकं

मैत्रिणींनो, गेल्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून चार दिवस झाले असतील, मी परसात शेवाळावरून घसरले. हातात धुतलेल्या कपड्यांची बादली होती. ती सोडून द्यावी हे काही मला सुचलं नाही. त्यामुळे बादली शाबूत राहिली आणि माझ्या उजव्या पायाची नडगी मोडली. ऑपरेशन झालं, आत प्लेट टाकली. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही.

घरात आम्ही दोघंच. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी लांब. ह्यांना चहा करता येतो, त्यापुढे त्यांची मजल जात नाही. अशा वेळी धावून आली ती माझी धाकटी जाऊ. खरं सांगायचं तर घराची वाटणी झाल्यापासून आमच्यात बोलणं बेताचंच. गणपतीला एकत्र यायचं, एरवी दारावरूनच विचारपूस. ती सकाळी डबा घेऊन आली, पदर खोचला आणि मी नको नको म्हणेपर्यंत माझं बेडपॅन धुऊन आणलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय दुखत होता त्याहून ते जास्त दुखलं.

आठवड्याभरानं मी तिला म्हटलं, वेळ जात नाही गं, वाचनालयातून एखादी रहस्यकथा आण. ती घेऊन आली एक जुनं, पिवळ्या पानांचं चरित्र, तेसुद्धा ख्रिस्ती संताचं. रहस्यकथांच्या कपाटाची किल्ली सापडत नव्हती म्हणे. मी तोंड वाकडं केलं आणि पुस्तक उशाशी टाकून दिलं. रात्री पाय ठणकायला लागला, झोप येईना, म्हणून उघडलं. आणि काही पानांतच मला माझं दुखणं भेटलं.

चरित्र होतं इग्नेशियस लोयोला यांचं. आम्ही तळकोकणातली माणसं, गोवा आम्हाला हाकेच्या अंतरावर. जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चमध्ये सेंट झेवियरचं शव आहे ते पाहायला मी दोन-तीनदा गेलेय. तिथे मुख्य वेदीवर एक भला मोठा, सोनेरी झळाळीचा पुतळा आहे. तो झेवियरचाच, असं मी इतकी वर्षं समजत होते. तो निघाला इग्नेशियसचा!

या माणसाचा जन्म १४९१ सालचा, स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क मुलखातला. लोयोला हे त्यांच्या वाड्याचं नाव. घरचे त्याला इनिगो म्हणत. तेरा भावंडांतलं हे शेंडेफळ. आई लहानपणीच गेली, गावच्या लोहाराच्या बायकोनं त्याला दूध पाजून वाढवलं. तो सात वर्षांचा असताना थोरल्या भावाचं, मार्टिनचं, लग्न झालं आणि वाड्यात माग्दालेना वहिनी आली. ही राणी इसाबेलाच्या पदरी राहिलेली. राणीनं तिला मेरीमातेचं एक चित्र दिलं होतं, ते तिनं सासरी आणून प्रार्थनेच्या खोलीत लावलं. पोरक्या दिराची ती आईच झाली.

पुढे तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना राजाच्या खजिनदाराकडे राहायला गेला. तिथे तलवार शिकला, नाच शिकला, दरबारी रीतभात शिकला. केस लांब, कपडे तंग, डोक्यात शूर सरदार आणि सुंदर राजकन्यांच्या कादंबऱ्या. संत होण्याचं एकही लक्षण नव्हतं.

मग आला २० मे १५२१ चा दिवस. पांप्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच फौज चालून आली. आत माणसं मूठभर. बाकीचे शरण जाऊ या म्हणत होते, हा एकटा लढायचं म्हणून हटून बसला. तोफेचा गोळा आला आणि त्याच्या पायांवर बसला. उजवा पाय मोडला, डाव्या पोटरीला जखम झाली. तो पडला आणि किल्लाही पडला. फ्रेंचांनी मात्र त्याला माणुसकीनं वागवलं. मलमपट्टी केली आणि काही दिवसांनी डोलीत घालून डोंगरवाटांनी घरी पाठवून दिलं.

घरी आल्यावर वैद्यांनी पाहिलं तर हाड वाकडं जुळलेलं. ते पुन्हा मोडून बसवावं लागणार! भुलीचा शोध लागायला अजून तीनशे वर्षं होती. मुठी आवळून त्यानं ते सोसलं, तोंडातून हूं की चूं नाही. त्यानंतर प्रकृती अशी खालावली की जूनअखेरीस मरणाऱ्या माणसाचे धार्मिक विधीसुद्धा उरकून घेतले. मध्यरात्रीपर्यंत उतार पडला नाही तर आशा सोडा, असं वैद्यांनी सांगितलं. ती संत पीटरच्या सणाची आदली रात्र होती आणि इनिगोची पीटरवर भक्ती. त्याच रात्री त्याला उतार पडला.

आता खरी गंमत पुढे आहे. हाड जुळलं, पण गुडघ्याखाली एक टेंगूळ राहिलं आणि पाय आखूड झाला. तंग बूट घालायची फॅशन होती, त्यात हे टेंगूळ दिसणार! मरणाच्या दारातून आलेला हा गडी वैद्यांना म्हणतो, ते कापून काढा. आधीच्या सगळ्या यातनांपेक्षा हे जास्त दुखेल, असं त्यांनी सांगितलं. थोरला भाऊ तर ऐकूनच हादरला, आपल्याला हे सोसवलं नसतं म्हणाला. पण ह्यानं हाड कापून घेतलं. आखूड पाय लांब व्हावा म्हणून कित्येक दिवस ताणूनही घेतला. कशासाठी, तर बुटांसाठी!

हे वाचून रात्री साडेबारा वाजता मी एकटीच हसायला लागले. जाऊ खाली सतरंजीवर झोपायची, ती दचकून उठली. तिला वाटलं, दुखणं डोक्यात गेलं. मी तिला बुटांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ताई, तुम्ही तरी काय वेगळं केलंत? ऑपरेशनच्या आधी तुम्ही डॉक्टरांना पहिलं हेच विचारलंत ना, की टाके साडीखाली झाकतील का? मग दोघी मिळून इतक्या हसलो की हे पलीकडच्या खोलीतून काय झालं म्हणून विचारत आले. वाटणीनंतर आम्ही दोघी असं एकत्र हसलो ते त्या रात्री पहिल्यांदा.

तर अंथरुणावर पडलेल्या इनिगोनं वाचायला त्याच्या आवडीच्या कादंबऱ्या मागितल्या. वाड्यात एकही नव्हती. होतं काय, तर चार खंडांचं येशूचं चरित्र आणि संतांच्या कथांचं एक पुस्तक. तीच त्याच्या हाती दिली गेली. ही पुस्तकं माग्दालेना वहिनीची, असं मानतात. त्यानंही माझ्यासारखंच तोंड वाकडं केलं असेल, असं मला आपलं वाटतं! पण दुसरं काही नव्हतं म्हणून तो वाचायला लागला.

वाचून झालं की तो पडल्या पडल्या स्वप्नं रंगवायचा. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीची, तिच्यापुढे कशी मर्दुमकी गाजवायची याची. यात तीन-तीन, चार-चार तास जात. कधी संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जायची. दोन्ही स्वप्नं गोड. मात्र हळूहळू त्याच्या एक लक्षात आलं. पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं पडायचं, रुखरुख लागायची. दुसरं संपलं तरी मन शांत, प्रसन्न राहायचं. कुठल्या विचारानं मागे काय उरतं, ते पाहायचं, एवढीच ती गोष्ट. पण पुढे त्यानं साधनेची जी पद्धत घालून दिली आणि जगभर लोक आजही जी आचरतात, तिचं मूळ त्या आजारपणात आहे.

इथे मी पुस्तक मिटलं. कारण पडल्या पडल्या मी काय करत होते? वाटणीच्या वेळचं सगळं पुन्हा पुन्हा उगाळत होते. कोण काय बोललं, मी तेव्हा काय उत्तर द्यायला हवं होतं. मनातल्या मनात एकेकाला गप्प करताना फार बरं वाटायचं. पण नंतर तोंड कडू व्हायचं. उलट जाऊ संध्याकाळी दिवा लावून मोठ्यानं रामरक्षा म्हणायची, मला उठता येत नाही म्हणून माझ्या खोलीच्या दारात बसून म्हणायची, ते आठवलं की रात्री झोप लागायची. माझा देव वेगळा, त्या माणसाचा वेगळा. पण ही खूण काही धर्म विचारत नाही.

इनिगोचं अक्षर सुरेख होतं. त्यानं वाचलेल्यातलं आवडेल ते उतरवून काढायला घेतलं, येशूचे शब्द लाल शाईनं, मेरीमातेचे निळ्या शाईनं. अशी सुमारे ३०० पानं भरली. रात्री खिडकीतून तारे पाहत बसायचा. या सगळ्यात नऊ महिने गेले. या नऊ महिन्यांत वहिनीनं काय केलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण मैत्रिणींनो, आपल्याला ते सांगायला नको. मोडलेल्या माणसाच्या नऊ महिन्यांत किती चादरी, किती चिंध्या, किती गरम पाणी लागतं ते आपल्याला माहीत आहे.

१५२२ च्या सुरुवातीला तो घर सोडून निघाला. भावाला संशय आला, त्यानं त्याला वाड्यातल्या एकेका खोलीतून फिरवत विनवलं, असा स्वतःला वाया घालवू नकोस. पण तो थांबला नाही. मोंत्सेरातच्या देवळात तलवार ठेवून दिली, उंची कपडे एका भिकाऱ्याला देऊन टाकले. दुखरा पाय अजून बांधलेला, रोज रात्री सुजायचा. म्हणून चप्पल फक्त त्या पायात, दुसरा पाय अनवाणी! बुटांसाठी हाड कापून घेणारा तो हाच माणूस. मानरेसा गावी त्यानं देहाचे इतके हाल केले की पोटाचं दुखणं कायमचं मागे लागलं. पुढे दुसऱ्यांना मात्र तो असा अतिरेक करू देत नसे.

१५२३ मध्ये जेरुसलेमला जाऊन आला. मग शिकायचं ठरवलं आणि तेहतिशीतला हा घोडा बार्सिलोनात लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिन शिकला. १५२८ मध्ये पॅरिसला गेला. तिथे त्याचा एका खोलीतला सोबती होता फ्रान्सिस झेवियर. त्याला हा लंगडा, वयानं मोठा विद्यार्थी आधी फारसा मानवला नाही, पुढे तो जिवाभावाचा मित्र झाला. इग्नेशियस गंभीर चेहऱ्याचा, पण मिश्कीलही होता म्हणतात. एकदा एका विद्वानाशी त्यानं बिलियर्डची पैज लावली. हरलास तर महिनाभर मी सांगीन तशी साधना करायची. खेळ येत नसताना जिंकला! एकदा कुणी उदास माणूस म्हणाला, तुमच्या मुलखातला नाच पाहिला तर बरं वाटेल. हा त्या लंगड्या पायानं नाचला. पुन्हा मात्र सांगू नका, असं वर बजावलं.

१५४० मध्ये पोपनं त्याच्या येशूसंघाला मान्यता दिली. ६ मे १५४२ ला झेवियर गोव्यात उतरला. पुढे त्याच संघाच्या फादर स्टीफन्सनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. लोयोलाच्या त्या खोलीतला धागा असा आपल्या भाषेपर्यंत येऊन पोचतो.

इग्नेशियस स्वतः रोममध्ये राहिला. संघाचा प्रमुख झाल्यावरही घरात कुणी आजारी पडलं तर त्याला लगेच कळलं पाहिजे, असा दंडक होता. आजाऱ्याला हवं ते आणलं की नाही, हे तो दिवसातून दोनदा विचारायचा. ही सवय कुठून आली असेल? मला तर वहिनीचा हात दिसतो. त्याच्या प्रार्थनेच्या पुस्तकात मेरीमातेचं एक चित्र होतं. ते पाहिलं की वहिनीची इतकी आठवण यायची की लक्ष विचलित व्हायचं, म्हणून त्यावर त्यानं कागद लावून टाकला होता. ३१ जुलै १५५६ ला तो गेला. १६२२ मध्ये त्याला आणि झेवियरला एकाच दिवशी संतपद मिळालं. पाय मात्र शेवटपर्यंत लंगडाच राहिला.

मी आता काठी घेऊन चालते. किंचित लंगडते, ते जाईल म्हणतात. नाही गेलं तरी चालेल. गौरीला मी खुर्चीवर बसून मोदक वळले, जाऊ पाटावर बसून पारी करून देत होती. वाचनालयाच्या पुस्तकाची तारीख केव्हाच उलटून गेलीय. दंड कुणी भरायचा, यावरून परवा आमचं कडाक्याचं भांडण झालं. इतकं मोकळेपणानं आम्ही किती तरी वर्षांत भांडलो नव्हतो!