नऊ एक्के आणि कापरेकर सर

वहीच्या मागच्या पानावर एक गुणाकार करून बघा. १११११११११ गुणिले १११११११११. मोबाईलवर नको, बरेच कॅल्क्युलेटर शेवटचे आकडे खाऊन टाकतात. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी संख्या! एकापासून नऊपर्यंत चढते आणि तशीच खाली उतरते. उलटी वाचा, तीच.

या असल्या संख्यांच्या मागे आयुष्यभर लागलेला माणूस म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्यामुळे आकडेमोड घरातच होती. आई लहानपणीच गेली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि पुढची डिग्री काही झाली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

वरच्यासारख्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं. ते एका रेल्वे स्टेशनचं नाव, म्हणजे आजची आपली डोंबिवली! त्यांनीच आणखी एक प्रकार शोधला, 'हर्षद' संख्या, म्हणजे आनंद देणारी. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद. आता आपली सतरा आकडी संख्या घ्या. अंकांची बेरीज ८१. नऊ एक्क्यांना ९ ने भाग जातो, म्हणून त्यांच्या वर्गाला ८१ ने जाणारच. म्हणजे ही डेम्लोपण आणि हर्षदपण!

६१७४ हा कापरेकर स्थिरांक तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. तोही याच मास्तरांचा. पण त्या काळी अनेक गणितज्ञांना हे सगळं किरकोळ वाटायचं. गणित कसलं, आकड्यांचा खेळ! सरांकडे ना पीएच.डी., ना विद्यापीठातली खुर्ची. तरी ते लिहीत राहिले, पुस्तिका स्वतःच छापत राहिले, शाळा-कॉलेजांत जाऊन मुलांना दाखवत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तर शिकवण्या घेतल्या.

१९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि जगाला हे नाव कळलं. तेव्हा सर सत्तर वर्षांचे होते, रिटायर होऊन तेरा वर्षं झाली होती. १९८६ मध्ये ते गेले. डिग्रीच्या कॉलममध्ये शेवटपर्यंत बी.एस्सी.च राहिलं. गणितात मात्र आज कापरेकर संख्या आहेत, कापरेकर स्थिरांक आहे.

पॅकेज आणि प्लेसमेंटच्या गप्पांतून पाच मिनिटं मिळाली तर एक करा. नऊ एक्क्यांचा गुणाकार हाताने मांडला, की मधल्या रकान्यात बरोबर नऊ एक्के येतात आणि हातचा कुठेच येत नाही. म्हणून नक्षी टिकते. आता दहा एक्के घ्या. नक्षी कुठे मोडते, ते स्वतः शोधा.