वाटाणे मोजणारा मेंडेल

हॉस्टेलवर कुणाला केटी लागली, की मी त्याला ग्रेगर मेंडेलची गोष्ट सांगतो. १८२२ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा पोरगा पैशांच्या ओढाताणीमुळे १८४३ साली ब्रनोच्या मठात दाखल झाला. शिक्षकाच्या परीक्षेत १८५० साली नापास झाला. ती शेवटपर्यंत सुटलीच नाही! मधल्या काळात व्हिएन्नाला फिजिक्स शिकला, अन् १८५६ पासून मठाच्या बागेत वाटाणे लावून चक्क मोजत बसला.

गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. दुसऱ्या पिढीत मात्र ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ ३:१! मला यातलं भारी वाटतं ते हे, की गुण दुधात पाणी मिसळावं तसे मिसळत नाहीत. आईकडून एक, बापाकडून एक असे सुटे येतात. दबतात, पण संपत नाहीत. त्यांनाच आपण जीन म्हणतो.

१८६६ साली निबंध छापून आला, पण फारशी कुणी दखल घेतली नाही. १८८४ साली तो गेला. १९०० साली तिघा शास्त्रज्ञांना तेच नियम पुन्हा सापडले. १९९० साली सुरकुतीचं कारणही कळलं: स्टार्चशी संबंधित एका जीनमध्ये घुसलेला डीएनएचा सुमारे ८०० अक्षरांचा जादा तुकडा. मेंडेलला डीएनए ठाऊकच नव्हता. त्याच्याकडे होती ती मोजत राहण्याची चिकाटी.