जेवण नाकारणारा तर्कशास्त्रज्ञ

14 जानेवारी 1978. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या रुग्णालयात 71 वर्षांचा एक रुग्ण गेला. वजन उरलं होतं जेमतेम 30 किलो. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं उपासमार, आणि तिच्या मुळाशी व्यक्तिमत्त्वातला बिघाड. घरात अन्नाची ददात नव्हती. हा रुग्ण म्हणजे कुर्ट गोडेल, विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत मोठा तर्कशास्त्रज्ञ.

जन्म 28 एप्रिल 1906 चा, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो गावातला. पोरगा इतके प्रश्न विचारायचा की घरच्यांनी त्याचं नावच 'श्रीयुत का' ठेवलं. लहानपणी त्याला रुमॅटिक फिव्हर झाला. आपल्या सरकारी दवाखान्यांत हा आजार अजूनही दिसतो आणि कधीकधी हृदयाच्या झडपा खराब करून जातो. कुर्ट मात्र पूर्ण बरा झाला. पुढे त्याने या आजारावरची पुस्तकं वाचली आणि आपलं हृदय कायमचं कमजोर झालंय असं ठरवून टाकलं. डॉक्टरांना काही सापडेना, पण ऐकतो कोण? मोबाईलवर वाचून, निदान ठरवूनच ओपीडीत येणारे पाहिले की मला हा पोरगा आठवतो.

आता त्याच्या कामाकडे वळू. समजा, जी रजिस्टरं स्वतःची नोंद स्वतःत करत नाहीत, नेमकी त्यांचीच यादी ठेवणारं एक नवं रजिस्टर काढलं. त्यात त्याची स्वतःची नोंद करायची का? केली तरी चूक, नाही केली तरी चूक. अशाच कोड्याने बर्ट्रांड रसेलने 1901 साली गणिताचा पाया हादरवला. त्यावर 1908 साली त्याने उपाय मांडला तो प्रकारांचा, म्हणजे टाइप थिअरीचा. वस्तू एका पायरीवर, वस्तूंचे संच वरच्या पायरीवर, त्या संचांचे संच आणखी वर. पायऱ्यांची सरमिसळ करायची नाही. हिमोग्लोबिनच्या रकान्यात रक्तगट टाकला की आमच्या रजिस्ट्रेशनचा संगणक नोंद घेत नाही, त्यामागे याच जातीचा विचार आहे.

या कुंपणामुळे गणित सुरक्षित झालं असं वाटत असताना, 1931 साली, पंचविशीतल्या गोडेलने दाखवलं की रसेलची व्यवस्था विसंगत नसेल, तर तिच्यात खरी असूनही सिद्ध न करता येणारी विधानं असणारच. त्याने कुंपण तोडलं नाही. प्रत्येक विधानाला एक आकडा दिला आणि आकड्यांविषयीच्या विधानालाच आडमार्गाने स्वतःविषयी बोलायला लावलं. पुढे 1958 साली त्याने प्रकारांवरच उभी असलेली हिशेबाची एक पद्धत मांडली. संगणकशास्त्रात ती आजही 'सिस्टिम टी' या नावाने अभ्यासली जाते.

पण 1936 साली व्हिएन्ना विद्यापीठाच्या पायऱ्यांवर त्याचे शिक्षक मोरिट्झ श्लिक यांचा खून झाला आणि गोडेल पार कोसळला. अन्नात कोणी विष घालील ही भीती याच काळात घट्ट बसली. त्याला जगवलं ते ॲडेलने. ती त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, घटस्फोटित, नाइट क्लबात काम केलेली. घरच्यांना मुळीच पसंत नव्हती. 1938 साली लग्न झालं. ती आधी घास चाखायची, मग तो खायचा. 1940 साली दोघं सैबेरिया, जपान असा वळसा घेऊन अमेरिकेत पोचली. 1951 साली आतड्यातल्या अल्सरमधून रक्तस्राव झाला, तेव्हाही त्याने डॉक्टरांकडे जायला उशीर केला आणि मरता मरता वाचला. त्यानंतर पथ्य स्वतःचंच, दिवसेंदिवस कमी होत जाणारं.

अशा रुग्णाशी नातेवाईक वाद घालतात, स्वतः खाऊन दाखवतात, रागावतात. संशय हटत नाही, कारण तो भ्रम आहे, हट्ट नव्हे. त्याला मनोविकारतज्ज्ञाचं औषध लागतं, आणि वजन उतरायला लागलं की दिवस मोजून हाती असतात.

1977 साली ॲडेल स्वतःच आजारी पडून कित्येक महिने रुग्णालयात राहिली. चाखायला कोणी उरलं नाही. डिसेंबरात ती घरी परतली, तिने नवऱ्याची अवस्था पाहिली आणि 29 तारखेला त्याला भरती व्हायला भाग पाडलं. त्यानंतर तो सोळा दिवस जगला.