एकच जाजम : सावित्रीबाई फुले



1852 च्या संक्रांतीला पुण्यात एक तिळगूळ समारंभ झाला. निमंत्रणात स्पष्ट लिहिले होते की, येणाऱ्या स्त्रियांना जातपात न पाहता एकाच जाजमावर बसविले जाईल. आज याचे आपल्याला नवल वाटणार नाही. पण ज्या काळी सावलीचाही विटाळ मानत, त्या काळातली ही गोष्ट आहे. महिला सेवा मंडळाच्या वतीने हे निमंत्रण काढणाऱ्या सावित्रीबाई फुले तेव्हा अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या.

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे 3 जानेवारी 1831 रोजी त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न झाले आणि जोतीरावांनी त्यांना घरीच अक्षरओळख करून दिली. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या तिच्या शिक्षिका झाल्या. रस्त्याने जाताना अंगावर शेण-चिखल पडे. या कामापायी पतिपत्नींना घरही सोडावे लागले. तेव्हा त्यांना आसरा दिला तो उस्मान शेख यांनी.

त्याच घरातील फातिमाबी सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. 1856 साली सावित्रीबाई आजारी पडून माहेरी गेल्या होत्या. तेथून पतीला लिहिलेल्या पत्रात त्यांना चिंता होती ती फातिमाची. आपल्या मागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, हे त्या जाणून होत्या. पालकहो, संस्थेची खरी परीक्षा हीच असते. प्रमुख व्यक्ती दूर असतानाही काम चालले पाहिजे. आणि ते चालते केव्हा, तर जबाबदारी विश्वासाने वाटून दिलेली असते तेव्हा.

ते जाजम पुढे वाढतच गेले. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी प्रसूतिगृह निघाले. 1868 मध्ये घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला झाला. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. 1890 साली जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. कार्यही त्यांनी थांबू दिले नाही. 1893 साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. एका स्त्रीने एवढ्या मोठ्या सभेचे नेतृत्व करावे, ही त्या काळी केवढी गोष्ट !

1897 मध्ये पुण्यात प्लेगचे थैमान सुरू झाले. यशवंत डॉक्टर झाले होते. त्यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोगी आणून पोहोचवीत. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. तो मुलगा वाचला. पण 10 मार्च रोजी सावित्रीबाई त्याच रोगाने गेल्या.

आपल्या भंडारा जिल्ह्यात कितीतरी मातांनी विड्या वळून मुलींच्या पुस्तकांचे पैसे उभे केले आहेत. त्या मुली शिकतात, वर्गात पहिल्याही येतात. मग एके दिवशी घरात शाळा पुरे झाल्याची भाषा सुरू होते. पालकहो, त्या दिवशी फातिमाबींची आठवण ठेवा. ज्या घराने सावित्रीबाईंसाठी दार उघडले, त्याच घरातील मुलगी पुढे शाळा सांभाळू लागली. आपली मुलगी शिकून शिक्षिका होईल, हे तर चांगलेच. पण उद्या संस्थेच्या कार्यकारी मंडळात ती निर्णय घ्यायला बसली पाहिजे. तिच्यासाठी वेगळा कोपरा नको. जाजम एकच असावे आणि त्यावर तिची जागा असावी.