शटर स्पीडचं बटणच नव्हतं, तरी दादासाहेब फाळकेंनी एक्स्पोजरचं गणित जमवलं

अकलूजच्या घोडेबाजारात धावत्या घोड्याचा फोटो काढला आणि तो पुसट आला, तर घोळ असतो शटर स्पीडचा. शटर जास्त वेळ उघडं राहिलं की प्रकाश भरपूर येतो, पण हलणारं सगळं फिसकटतं. आज मोबाईल हे आपोआप सांभाळतो. दादासाहेब फाळकेंच्या कॅमेऱ्याला त्यासाठी साधं बटणसुद्धा नव्हतं.

३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके सिनेमाच्या आधी फोटोग्राफर होते. मुंबईचं जे. जे., मग बडोद्याचं कलाभवन, पुढं गोध्र्यात स्वतःचा स्टुडिओ. तिथं प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेलं. त्यांनी गोध्रा सोडलं.

मुंबईत येशू ख्रिस्तावरचा मूकपट बघितला आणि सिनेमाचं वेड लागलं. सतत सिनेमे बघून आणि प्रयोग करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, तर गडी विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये थेट लंडनला! तिथं विल्यमसन कॅमेरा विकत घेतला.

हा कॅमेरा हँडलवर चालायचा. सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे १६ फ्रेम. हात मंदावला की प्रत्येक फ्रेमवर जास्त प्रकाश, चित्र पांढरट, शिवाय पडद्यावर माणसं पळत सुटणार. हात जोरात चालला की चित्र काळवंडणार. थोडक्यात, हात हाच शटर स्पीड. आयएसओ वाढवायचा प्रश्नच नाही, फिल्म जशी मिळेल तशी. उरलं अ‍ॅपर्चर आणि ऊन.

पैसे लावायला मात्र कुणी तयार नव्हतं. मग फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. यात प्रकाश रोज सारखा ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर पडद्यावर रोप लुकलुकणार. बघता बघता वेल वाढताना दिसला आणि मित्र यशवंत नाडकर्णींनी कर्ज दिलं. तारण होते पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने.

‘राजा हरिश्चंद्र’च्या कॅमेऱ्यावर त्र्यंबक तेलंग होते, त्यांना शिकवलं फाळकेंनीच. दिवसा शूटिंग चालायचं. चेहऱ्यावरची सावली घालवायला सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहायच्या, आणि रात्री फिल्म धुवायलाही त्याच. तोपर्यंत दिवसभराचं एक्स्पोजर जमलं की फसलं, कुणालाच कळायचं नाही.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात सिनेमा लागला.