घरच्या मैदानावर दोनदा हुकलेले जेतेपद : नील्स लीडहोल्म

स्वीडनमधील सोल्ना येथे २९ जून १९५८ रोजी विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात यजमानांच्या कर्णधाराने चौथ्याच मिनिटाला ब्राझीलवर गोल केला. नील्स लीडहोल्म तेव्हा ३५ वर्षांचे होते. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल करणारे सर्वाधिक वयाचे खेळाडू ही त्यांची नोंद अद्याप अबाधित आहे. २०२२ मध्ये लिओनेल मेस्सी तिच्या जवळ पोहोचला, पण त्याचे वय सुमारे तीन महिन्यांनी कमी पडले. स्वीडनची आघाडी मात्र पाच मिनिटेच टिकली. सतरा वर्षांच्या पेलेचा समावेश असलेल्या ब्राझीलने सामना ५-२ असा जिंकला.

वाल्देमार्सविक येथे ८ ऑक्टोबर १९२२ रोजी जन्मलेल्या लीडहोल्म यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक पटकावले आणि पुढच्याच वर्षी इटलीतील मिलान क्लब गाठला. गुन्नार ग्रेन, गुन्नार नोर्डाल व लीडहोल्म हे त्रिकूट तेथे ‘ग्रे-नो-ली’ म्हणून गाजले. या कीर्तीची किंमतही मोठी होती. स्वीडनची संघटना हौशी खेळाडूंचाच आग्रह धरीत असल्याने व्यावसायिक झालेल्यांना राष्ट्रीय संघाची दारे बंद होती. १९५८ च्या स्पर्धेसाठी ती उघडली, तेव्हा लीडहोल्म यांची उमेदीची वर्षे सरली होती. मिलानकडून त्यांनी चार वेळा इटालियन लीगचे विजेतेपद मिळविले. त्यांचा पास इतका क्वचित चुके, की एकदा तो चुकल्यावर सान सिरोच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या, अशी आख्यायिका आहे.

१९६१ मध्ये निवृत्त झाल्यावर ते प्रशिक्षणाकडे वळले. व्हेरोना व वारेसे या लहान क्लबांना त्यांनी वरच्या श्रेणीत नेले, तर १९७९ मध्ये मिलानला दहावे लीग विजेतेपद मिळवून दिले. त्यांचे खरे कर्तृत्व मात्र रोमा क्लबमध्ये दिसले. प्रत्येक बचावपटूने एकेका प्रतिस्पर्ध्याच्या पाठीशी चिकटून राहावे, ही इटलीची रूढ पद्धत होती. लीडहोल्म यांनी खेळाडूऐवजी मैदानाचा ठरावीक भाग राखण्याची, म्हणजेच ‘झोन’ची पद्धत रुजविली. वेगाने मंद, पण अचूक पास देणाऱ्या आगोस्टिनो दी बार्टोलोमेई या मध्यरक्षकाला त्यांनी बचावफळीत आणले. निर्णय धाडसी होता; १९८३ मध्ये रोमाने ४१ वर्षांनी लीग जिंकली.

पुढील वर्षी, ३० मे १९८४ रोजी, युरोपियन चषकाचा अंतिम सामना रोमच्याच ऑलिंपिक स्टेडियमवर झाला. लिव्हरपूलशी १-१ बरोबरी झाल्यानंतर पेनल्टींवर रोमा ४-२ अशी हरली. २६ वर्षांनंतर लीडहोल्म पुन्हा एकदा आपल्याच प्रेक्षकांसमोर उपविजेते ठरले.

त्यानंतर ते मिलानला परतले. जानेवारी १९८५ मध्ये त्यांनी पाओलो मालदिनी या सोळा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लीगच्या मैदानात उतरविले. पिडमाँट प्रांतातील कुक्कारो मोन्फेराटो येथे द्राक्षमळे सांभाळीत त्यांनी उत्तरायुष्य घालविले आणि तेथेच ५ नोव्हेंबर २००७ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लीडहोल्म यांना खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी हुलकावणी देणारा तो युरोपियन चषक मालदिनीने त्याच वर्षी मे महिन्यात अथेन्समध्ये पाचव्यांदा उंचावला होता.